अनुभव धागा: किलमार्टिनच्या पायवाटा

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत विषय निघाला. आपल्याकडून येणारी पाहुणेमंडळी एडिनबराचा किल्ला, लॉख नेस आणि स्काय बेट चार दिवसांत उरकतात आणि स्कॉटलंड झालं म्हणून टिकमार्क करतात. त्यावर रांगेतल्या तिघांनी, एकमेकांशी काही न बोलता, एकाच खेड्याचं नाव घेतलं: किलमार्टिन. प्रसाद हातात पडेपर्यंत ठरलंसुद्धा, धागा काढायचा.

नियम एकच. पायी फिरला असाल तर लिहा. गाडीची काच खाली करून पाहिलेलं चालणार नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पश्चिम किनाऱ्याजवळ, आर्गाइलमध्ये, ओबनहून लॉखगिल्पहेडकडे जाताना हे गाव लागतं. डुलकी लागली असेल तर निघूनही जातं. एक चर्च, एक हॉटेल, एक संग्रहालय आणि मोजकी घरं. पण गावाभोवतीच्या सहा मैलांत आठशेच्या वर जुन्या खुणा आहेत, त्यातल्या दीडशेएक तर इतिहासपूर्व काळातल्या. गावाखालच्या दरीत मेंढ्यांच्या कुरणांमधून दगडगोट्यांच्या पाच प्रचंड राशी एका ओळीत गेल्या आहेत. त्यांना केर्न म्हणतात. त्या राशींखाली दफनं होती. सगळ्यात जुनी रास, नेदर लार्गी साउथ, पाच हजार वर्षांहून जुनी. बाकीच्या नंतरच्या, कांस्ययुगातल्या. तिकीट नाही, शिट्टीवाला रखवालदार नाही. कुंपणाला फाटक आहे, ते उघडायचं, आत जायचं आणि आठवणीने लावून घ्यायचं. २००३ च्या कायद्याने इथे जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही बहुतेक जमिनीवरून चालत जायचा हक्क आहे, मालक कुणीही असो. पहिल्या खेपेला मला हे पटतच नव्हतं. दुसऱ्याच्या शेतात शिरताना सारखी मागे वळून बघत होते, आता कोण ओरडतंय म्हणून.

तर, लिहा.

जांभा

माझं गाव राजापूर तालुक्यात. लहानपणी सड्यावर गुरांमागे जायचो तेव्हा पायाखाली कातळात कोरलेली चित्रं असायची. कुणी पांडवांचं नाव घ्यायचं, कुणी म्हणायचं तिथे बसू नको. त्यांना कातळशिल्पं म्हणतात आणि ती बघायला माणसं गाड्या करून येतात, हे फार नंतर कळलं. त्यामुळे किलमार्टिनला जायचं ठरल्यावर मी राशीबिशी सोडून थेट आखनाब्रेकच्या कोरीव कातळाकडे गेलो.

दुपारी बारा वाजता पोचलो. वनखात्याच्या जंगलातून वर चढून गेलं की उघडा कातळ लागतो. अर्धा तास त्याच्याकडे बघत उभा होतो, दिसलं काय, तर दगड. चार खळगे दिसले, तेही पावसाचे असावेत असं वाटलं. तेवढ्यात कुत्रा फिरवायला आलेले एक आजोबा थांबले, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, सूर्य कलल्यावर ये. मी खाली गेलो, गाडीत सँडविच खाल्लं, झोपलो आणि पाचच्या सुमाराला परत चढलो.

आणि काय सांगू. तिरप्या उन्हात तोच कातळ सगळा वर्तुळांनी भरलेला. मधे वाटीएवढा खळगा, त्याभोवती एकात एक कडी, काही कडी तर हातभर रुंदीची, आणि मधल्या खळग्यातून बाहेर धावणारी एक चर. जशी सावली लांबली तशी आणखी उमटत गेली. आमच्याकडचा जांभा तसा मऊ, त्याचे चिरे पाडून घरं बांधतात. हा दगड तसला नाही. एकेक कडं दगडाने दगडावर ठोकून ठोकून काढलेलं आहे. ठोक्यांच्या खुणा बोटाला लागतील असं वाटत होतं, पण हात लावला नाही. बूट घालून कातळावर चढूही नका, कठड्यावरून छान दिसतं.

एक फरक मात्र जाणवला. आमच्या सड्यावर हत्ती आहे, वाघ आहे, मासे आहेत, माणसं आहेत. इथे प्राणी एकही नाही. नुसती वर्तुळं.

उलटतपासणी

जांभा, आखनाब्रेकपुरतं बरोबर आहे. पण जवळच्याच डनक्रेगेग केर्नमध्ये हरणं सापडल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं! थडग्यावरच्या झाकणाच्या दगडाच्या आतल्या बाजूला कोरलेली, शिंगांच्या फांद्यांसकट. शेकडो लोकांनी तो केर्न पाहिला होता, पण रात्री टॉर्च आत मारून वर बघायचं एकालाच सुचलं. स्कॉटलंडमध्ये इतकं जुनं प्राण्याचं कोरीव चित्र त्याआधी माहीतच नव्हतं.

जांभा

अरे बापरे! म्हणजे तिथेही ऊन कलायचीच वाट बघत होते म्हणायचं.

दोन कार्ट्यांची आई

ज्यांच्याकडे आठ-दहा वर्षांची मुलं आहेत त्यांनी नेदर लार्गी नॉर्थ चुकवू नका. बाहेरून नुसता दगडांचा ढीग, मुलं लगेच "आई, परत दगड?" म्हणून रडायला लागतात. पण ढिगाच्या माथ्यावर एक सरकतं झाकण आहे. ते बाजूला सारलं की खाली उतरायला पायऱ्या. पाण्याच्या टाकीत उतरावं तसं एकेक जण उतरायचं. आत ओलसर वास, अंधार आणि बाजूला त्या थडग्यावरची मोठी शिळा. तिच्यावर कुऱ्हाडीची पाती कोरली आहेत आणि भरपूर छोटे खळगे.

मोबाइलच्या उजेडात थोरल्याने नऊ पाती मोजली, धाकटीने अकरा. यावरून आत जुंपली. चार हजार वर्षं जुन्या थडग्यात भावंडांचं भांडण सोडवणारी मी पहिली मराठी आई असेन. वर येऊन बघतो तर झाकणाशी एक मेंढी उभी राहून आत डोकावत होती.

तिथून टेंपल वूडचं दगडांचं रिंगण चालत पाच-दहा मिनिटांवर. नाव देवळाचं असलं तरी देऊळबिऊळ काही नाही. एका उभ्या दगडावर तळाशी गोगलगाईसारखी गुंडाळी कोरली आहे, ती मुलांना शोधू द्या.

सातारकर

आई-बाबा जूनमध्ये आले होते. बाबा निवृत्त शिक्षक, जिथे जातील तिथे गावकुसाबाहेरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, शोधणारे. त्यांना किलमार्टिनच्या चर्चच्या आवारात नेलं. तिथे काचेच्या छपराखाली मध्ययुगातल्या समाधीशिळा मांडून ठेवल्या आहेत, बहुतेक चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या. टोकदार शिरस्त्राण घातलेले योद्धे, शिळेच्या लांबीएवढी तलवार, भोवती वेलबुट्टी. बाबा एकेका शिळेसमोर वाकून बघत होते. मी विचारलं, काय शोधताय? म्हणाले, "चंद्र-सूर्य." ते नव्हते. खाली लढाई, मधे अप्सरा नेतायत, वर कैलास, ही आपल्याकडची चढण इथे नाही. माणूस आहे तसा उभा. मग म्हणाले, "नाव तरी कुठाय?" नावही बऱ्याच शिळांवर नाही. "म्हणजे आपल्यासारखंच," असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. डनॅड म्हणजे सपाट दलदलीतून एकदम वर आलेली खडकाळ टेकडी, उंची जेमतेम पन्नास-पंचावन्न मीटर. एके काळी दाल रियाटा या गेलिक भाषकांच्या राज्याचं हे मोठं ठाणं. ७३६ मध्ये शेजारच्या पिक्ट लोकांच्या राजाने ते जिंकल्याची नोंद जुन्या बखरींमध्ये आहे. खोदकामात इथे परदेशी भांड्यांचे तुकडे आणि दागिने ओतायचे साचे निघाले. माथ्याच्या जरा खाली एका शिळेवर पाऊल कोरलंय. नव्या राजाने त्यात पाय ठेवून राज्य स्वीकारायचं, असं मानतात. शेजारी रानडुकराची रेषाकृती आणि ओघम या जुन्या आयरिश लिपीतल्या रेघा आहेत.

आम्ही पोचलो तेव्हा भुरभुर चालू होती. पुढे एक स्कॉटिश कुटुंब होतं, त्यांच्या मुलाची पाय ठेवायची तयारी चाललेली. माझ्या आईने पाऊल बघितलं मात्र, तिने बूट काढले. मोजेसुद्धा. ओल्या खडकावर अनवाणी गेली, वाकली, पावलाला हात लावून तो कपाळाला लावला. बाबा मागून म्हणाले, "अगं, ती नक्कल आहे. खरी शिळा झिजू नये म्हणून वर प्रतिकृती बसवलीय, पाटीवर लिहिलंय." आई मोजे चढवता चढवता म्हणाली, "मग पादुका म्हणजे काय असतं?"

तो मुलगा उचललेला पाय तसाच धरून आमच्याकडे बघत होता. आईने त्याला हाताने खूण केली, ठेव ठेव, तू ठेव. त्याने ठेवला. पण आधी बूट काढून.

पायपीट

सातारकर, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आता माझं रडगाणं. थांब्यावरच्या वेळापत्रकात बस होती, रस्त्यावर नव्हती. पाऊण तास उभा राहिलो, मग वैतागून केर्नबानला कालव्याच्या कडेने चालायला लागलो, आणि बस चुकली हे त्या सुट्टीतलं सगळ्यात बरं झालं.

क्रिनन कालवा नऊ मैलांचा, १८०१ मध्ये सुरू झाला. किंटायरच्या लांबलचक भूशिराला वळसा घालायला लागू नये, म्हणून आर्ड्रिशेगपासून क्रिननपर्यंत जमीन कापून नेला. पंधरा लॉक, म्हणजे पाणी वरखाली करून बोटी चढवणारे-उतरवणारे दारांचे हौद. पूर्वी बोटी ओढणारे घोडे जायचे त्याच वाटेने आपण चालायचं. केर्नबान ते क्रिनन पाचेक मैल आहे, लॉकपाशी थोडा उतार सोडला तर तळहातासारखं सपाट, गुडघेदुखीवाल्यांनी बिनधास्त यावं. एका लॉकवर शिडाच्या होडीतल्या काकूंनी मला हाक मारली आणि दार ढकलायला लावलं. त्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून, टाचा रोवून रेटायचं. आधी काहीच हलत नाही. मग दोन्हीकडचं पाणी सारखं झालं की म्हशीने मान वळवावी तसं ते दार सावकाश वळतं. बक्षीस म्हणून बिस्किट मिळालं.

पुढे एका बाजूला कालवा आणि दुसऱ्या बाजूला ॲड नदीची खाडी नि तिच्यामागची दलदल, मोइन व्होर. भरती-ओहोटीच्या चिखलाचा वास थेट आपल्या खाडीचा. दक्षिणेला नॅपडेलचं जंगल आहे. तिथे २००९ मध्ये नॉर्वेहून बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून पाडणारे पाणप्राणी, आणून सोडले, स्कॉटलंडमधून ते शेकडो वर्षांपूर्वी संपले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन तास तळ्याकाठी बसलो. बीव्हर दिसला नाही. त्याने पेन्सिलीसारखं टोक काढलेली झाडं दिसली, आणि चिलटांनी मला सोलून काढलं. जून ते ऑगस्ट वाऱ्याच्या दिवशीच जा, आणि गवतातून आल्यावर गोचीड चिकटलीय का ते गुडघ्यामागे बघा.

कागदकीडा

नॅपडेलला गेलाच होतात तर ॲरिखोननला का नाही गेलात? त्याच जंगलात उतारावर आहे. छप्पर नसलेली दगडी घरं, भिंती उभ्या, आत नेचे माजलेले. १८४८ मध्ये इथल्या कुळांना हुसकून लावायला जमीनदाराची माणसं आली तेव्हा गावाने प्रतिकार केला, बायकांनीही. काही जण तुरुंगात गेले. गाव उठलं ते उठलंच.

जमीनदार पोल्टॅलॉखचे माल्कम. (महाबळेश्वरच्या माल्कम पेठेचा माल्कम तो हा नव्हे, तो डम्फ्रीसशायरचा.) या घराण्याचा पैसा मुख्यतः जमैकातल्या मळ्यांमधून, म्हणजे गुलामांच्या कष्टांवर आलेला. ॲरिखोनन उठलं त्याच सुमाराला किलमार्टिनजवळ त्यांच्या नव्या प्रासादाचं काम सुरू झालं. १९५७ मध्ये त्याचंही छप्पर काढून टाकलं. आता तोही पडका. एकाच दिवशी दोन्ही पाहिले. कुळाच्या घराची चूल ओळखू येते, प्रासादात मात्र कुठली खोली कशाची ते कळत नाही. दरीतले केर्न बघून सगळे हरखतात, मीही हरखलो, पण माझ्या मते या परिसरातली सगळ्यात बोलकी जागा ॲरिखोनन आहे, आणि तिथे मला दिवसभरात दुसरं माणूस भेटलं नाही.

मांडवीकाठ

गोव्याचा माणूस म्हणून एक भर घालतो. गावाच्या उत्तरेला दीड-दोन किलोमीटरवर कार्नासरीचा पडका वाडा आहे, चढ थोडाच. तो बांधणाऱ्या जॉन कार्सवेलने १५६७ मध्ये गेलिकमधलं पहिलं छापील पुस्तक काढलं. प्रार्थनांचं, प्रोटेस्टंट पंथाचा प्रसार व्हावा म्हणून. दाराच्या वर गेलिकमधली कोरीव ओळ अजून आहे. मला आठवलं आमचं रायतूर, जिथे १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापलं गेलं. धर्म सांगायचा तर लोकांच्या भाषेतच सांगावा लागतो, हे दोघांनाही कळलेलं. वर जिन्याने जाता येतं, पण पावसात पायऱ्या शेवाळलेल्या असतात. मी एक पायरी बसून उतरलो. स्वेच्छेने नाही.

रात्रपाळी

मी या भागातच नर्स आहे, त्यामुळे माझं फिरणं पर्यटकांसारखं नाही, कामावरून येताजाता. टेंपल वूडजवळच्या कुरणात नेदर लार्गीचे उभे दगड आहेत, माणसाच्या दीडपट उंच. ते चंद्राच्या १८.६ वर्षांच्या फेऱ्याशी जुळवून उभे केले असावेत, असं अलेक्झांडर थॉम या अभियंत्याने मांडलं. सगळ्यांना पटतं असं नाही. चंद्राच्या उगवण्या-मावळण्याच्या जागा उत्तरेला नि दक्षिणेला सगळ्यात लांब जातात तो काळ २०२४-२५ मध्ये येऊन गेला.

म्हटलं, एवढ्या जवळ राहतो तर बघूया. थर्मासमध्ये चहा घेऊन पाच वेळा गेले. पाचही वेळा ढग. तिसऱ्या वेळी तर आणखी चौघे जण आपापले थर्मास घेऊन उभे होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळे वर बघतायत, आणि वर निव्वळ गोधडी. शेवटी एकाने माझ्या चहात वेलची आहे का विचारलं. मी त्याला अर्धा कप दिला.

पुढची संधी २०४३ च्या आसपास. तोवर माझे हे गमबूट काही टिकत नाहीत, डावा आत्ताच गळतोय.