अंटार्क्टिकाच्या हिवाळी तापमानाचा कल (वर्षागणिक वाढ की घट) कसा काढू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, भूगोलात एम.एस्सी. करतेय. प्रकल्पासाठी अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं व्हर्नाडस्की केंद्र घेतलंय. आधी ते ब्रिटनचं फॅरेडे होतं, १९९६ मध्ये युक्रेनकडे गेलं. तिथल्या मासिक तापमानाच्या नोंदी खूप जुन्या आहेत, म्हणून निवडलं.

ऋतू पाडतानाच पहिली चूक झाली. पंढरपुरात आषाढीची गर्दी असते तेव्हा तिथे ऐन हिवाळा, हे डोक्यात होतं. पण उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी! मी एकाच वर्षाचे जानेवारी, फेब्रुवारी आणि डिसेंबर एकत्र केले, म्हणजे दोन उन्हाळ्यांचे तुकडे जोडले. आता डिसेंबर पुढच्या वर्षात धरलाय. बरोबर ना?

खरी अडचण हिवाळ्याची आहे. १९५१ ते २००० घेतलं तर हिवाळा दर दशकाला एक अंशाहून जास्त तापलेला दिसतो, उन्हाळा त्यामानाने बराच कमी. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीपासूनची पंधराएक वर्षं घेतली की द्वीपकल्प थंड होताना दिसतो. पश्चिमेचा समुद्र गोठला की बर्फ पाण्याची ऊब अडवून धरतं आणि हवा गारठते. पाणी उघडं राहिलं की हिवाळा सौम्य. त्यामुळे दोन हिवाळ्यांत कितीतरी अंशांचा फरक पडतो. आपल्या मे महिन्यासारखं नाही, इथे पारा चाळिशी ओलांडणार हे ठरलेलंच. सुरुवातीचं वर्ष बदललं की माझं उत्तर बदलतं. सोयीचं वर्ष निवडून मला खोटं लिहायचं नाहीये. काय करू?

प्रतिसाद : डिसेंबरचं बरोबर केलंत. पहिला उन्हाळा अपुरा राहील, तो सोडा. एकच आकडा देऊ नका. सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष सरकवत प्रत्येक कालखंडाचा कल काढा आणि सगळे एका तक्त्यात मांडा. सेनचा उतार वापरा, म्हणजे वर्षांच्या प्रत्येक जोडीतला बदलाचा दर काढून त्यांतला मधला घ्यायचा; एखाद्या विचित्र हिवाळ्याने तो फारसा हलत नाही. सोबत मान-केंडाल चाचणी, म्हणजे कल खरा की निव्वळ योगायोग ते तपासता येईल. १९७९ पासूनचं उपग्रहाचं समुद्रबर्फ शेजारी ठेवलंत तर चढउताराचं कारणही दिसेल.

मूळ प्रश्नकर्ती : मनापासून आभार! जून ते ऑगस्ट या हिवाळ्यातला ऑगस्टच एखाद्या वर्षी कोरा असेल तर उरलेल्या दोन महिन्यांची सरासरी चालेल?

प्रतिसाद : नको. तिथला ऑगस्ट साधारणपणे जूनपेक्षा थंड असतो, तो हिवाळा उगाच उबदार दिसेल. गाळा आणि गाळल्याचं लिहा.