अनोळखी फोन आणि मजल्यागणिक स्वयंसेवक

पोलीस असल्याचे भासवून, व्हिडिओ कॉलवरच ‘डिजिटल अटक’ झाल्याची भीती घालून पैसे उकळणाऱ्यांपासून वाचण्यासाठी अनोळखी क्रमांक उचलूच नयेत, असा उपाय सुचवला जातो; पण तो ज्येष्ठांना पाळता येण्याजोगा नाही, कारण गॅस सिलिंडरवाल्यापासून रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेपर्यंत त्यांचे कितीतरी कामाचे फोन अशाच क्रमांकांवरून येतात. त्यापेक्षा ‘डिजिटल अटक’ असा प्रकार भारतीय कायद्यात नाही आणि खरा पोलीस अधिकारी व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही की पडताळणीसाठी पैसे मागत नाही, हे त्यांना शांतपणे पटवून दिलेले बरे. या फसवणुकीचे सारे बळ माणसाला एकटे पाडण्यात आहे. ‘घरात कोणाला सांगू नका, कॅमेरा बंद करू नका’ ही अट त्यासाठीच असते. आमच्या इमारतीत पुराच्या वेळी दारे वाजवण्यासाठी मजल्यागणिक स्वयंसेवकांची यादी केली होती (ती अनेक वर्षे नुसतीच भिंतीवर होती), तीच आता अशा फोनसाठीही वापरतो. पैसे गेलेच, तर लाजेपोटी वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवली जात असल्याने ती वाटेत गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. व्यवहार क्रमांक मात्र हाताशी ठेवावा.