हॅवलॉकला स्कूबा : लेकीचा कोर्स, माझे कान आणि परतीचं विमान

नमस्कार मंडळी,

लेकीची आठवीची परीक्षा आटोपली की एप्रिलच्या शेवटी अंदमानला जायचं घाटतंय. आम्ही तिघं, पुण्याहून. एकूण सात दिवस, त्यातले चार हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप, पण तोंडात जुनंच नाव बसलंय). लेक तेरा वर्षांची आहे. हात धरून पाण्यात नेलं, फोटो काढले आणि आणून सोडलं, असं तिला नकोय. तिला ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा शिकवून प्रमाणपत्र देणारा पहिला कोर्सच करायचाय.

माझ्या गाठीशी मालवणची एक डाइव्ह आहे, तीही अर्धवट. सर्दी अंगावर काढून गेले होते. दोन-तीन मीटरवरच उजव्या कानात सुई टोचल्यासारखं झालं. नाक चिमटीत धरून हवा फुंकली, तर डावा कान ‘टुक’ करून मोकळा झाला, उजवा ढिम्म. तेवढ्यात समोर कॅमेरा आला, म्हणून हौसेनं अंगठा दाखवला, तर सोबतच्या दादानं मला सरळ वर नेलं. पाण्याखाली अंगठा म्हणजे ‘वर चला’, हे होडीत बसल्यावर कळलं. नवरा अजून चिडवतो.

तर आता माझ्या शंका. तेराव्या वर्षी कोर्स करू देतात का? लेक लहानपणी दम्याचा पंप घ्यायची, आता काही त्रास नाही, तरी फॉर्ममध्ये लिहायचं का? मला साडेतीनचा चष्मा आहे, मासे दिसणार कसे? आणि नवऱ्यानं आखलंय ते असं : पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, मग हॅवलॉक, सहाव्या दिवशी दुपारी तीनपर्यंत डाइव्ह, लगेच बोटीनं पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), सातव्या दिवशी सकाळी साडेसातचं विमान. कुठेतरी चुकतंय असं वाटतं, पण नेमकं सांगता येत नाही.

प्रतिसाद

तुम्हाला बरोबर वाटतंय. चुकतंय ते विमानच. सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास जाऊ द्यायचे असतात. तुमचे साडेसोळाच होतात. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, आणि विमानात हवेचा दाब कमी असल्यानं त्याचे बुडबुडे होऊ शकतात. मी तर पूर्ण एक दिवस सोडतो. तुमचा क्रम उलटा करा : उतरलात की पहिल्याच बोटीनं हॅवलॉक, आणि सेल्युलर जेल, संध्याकाळचा ध्वनि-प्रकाश खेळ, सगळं शेवटी. सुटीही वाया जात नाही, आणि समुद्र खवळून बोट रद्द झाली तर हाताशी एक दिवस राहतो.

कोर्स दहा वर्षांपासून करता येतो. पण एक मेख आहे. लेकीला ज्युनिअरचं कार्ड (कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) मिळेल, आणि पंधरा पूर्ण होईपर्यंत तिला कार्डधारक मोठ्या माणसासोबतच उतरावं लागेल. म्हणजे घरातल्या कोणीतरी तिच्यासोबत कोर्स केलेला बरा. थिअरी घरूनच ऑनलाइन उरका, नाहीतर निम्मी सुटी वर्गात जाईल. तिथे पाण्यातले तीन-चार दिवस धरा.

दम्याचं लपवू नका. डाइव्ह सेंटरकडून वैद्यकीय फॉर्म आत्ताच मागवा आणि छातीच्या डॉक्टरांना दाखवून पुण्यातच सही घ्या. ऐनवेळी बेटावर धावाधाव नको. नंबरचा मास्क पुष्कळ ठिकाणी मिळतो, आधी विचारून ठेवा. कानासाठी एकच : दुखायची वाट न बघता पहिल्या मीटरपासून थोडं थोडं फुंकत राहा, आणि सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका.

धागाकर्ती

बापरे, म्हणजे कार्ड मलाच काढावं लागणार! कोर्ससाठी २०० मीटर न थांबता पोहायचं आणि दहा मिनिटं तरंगायचं असतं, असं आत्ताच वाचलं. आमच्या सोसायटीचा पूल वीस मीटरचा आहे, म्हणजे दहा फेऱ्या. आज चार झाल्या, पाचवीला कठडा धरला. अजून एक शंका : आम्ही दोघी पाण्यात असताना, पोहता न येणाऱ्या नवऱ्याला तीन दिवस राधानगर बीचवर किती वेळा पाठवता येईल?