सहजीवन कोणाचं? अळंबीचं की कवकाचं?

प्रश्न : ‘जंगलातली अळंबी आणि झाडांची मुळं यांचं सहजीवन’ असं वाक्य वाचलं. सहजीवन म्हटलं की मला लग्नाचा पन्नासावा वाढदिवसच आठवतो. इथे तो शब्द चालेल का? आणि अळंबी लिहावं की बुरशी, की कवक?

उत्तर : कवक लिहा. अळंबी हे त्याचं फळ; वर येतं, बीजाणू सोडतं, कुजून जातं. मुळांशी देणंघेणं करतात ते जमिनीतले तंतू. पाइनचं कोवळं मूळ भिंगाखाली धरून पाहा. टोकं आखूड, जाडसर, दोन फाटे फुटलेली, आणि वर मोजा चढवावा तसं कवकाचं आवरण. तिथून तंतू आत जातात, पण पेशींच्या मधल्या फटींतूनच. पेशीत घुसत नाहीत. झाड साखर देतं, कवक फॉस्फरस, नायट्रोजन आणि पाणी आणून देतं. ओक, बर्च, साल या झाडांचंही असंच.

बहुतेक वनस्पतींत मात्र दुसरा प्रकार असतो. त्यात तंतू थेट पेशीत शिरून झुडपासारखे पसरतात, आणि या कवकांना अळंबी येतच नाही! म्हणजे ‘अळंबीचं सहजीवन’ म्हटलं की मोठा भाग बाहेरच राहिला. उलट ढिंगरी ही अळंबी खरी, पण ती वाढते मेलेल्या लाकडावर.

‘सहजीवन’ चालेल. १८७९ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंटोन डी बारी यानं केलेली व्याख्या एवढीच : वेगवेगळ्या जातींच्या जिवांनी एकत्र राहणं. त्यात परजीवीसुद्धा बसतात. दोघांचा फायदा सांगायचा असेल तर ‘परस्परोपकारी’ जोडा.

आणखी एक मत : ते विशेषण जपून वापरा. मोनोट्रोपा नावाची पांढरीफटक वनस्पती आहे, हरितद्रव्य अजिबात नाही. झाडानं कवकाला दिलेली साखर ती कवकाकडून उचलते. परत काही देते असं दिसत नाही. तिथे कसला परस्परोपकार?

प्रश्न : मग कवक आणि मुळांच्या या जोडीला ‘मायकोरायझा’ म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं?

उत्तर : ‘कवकमूल’ सरळ आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यानं १८८५ मध्ये मूळ शब्द घडवला तोही ग्रीकमधले ‘कवक’ आणि ‘मूळ’ जोडूनच. (प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारला ट्रफलची, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या खाद्य कवकाची, लागवड हवी होती, त्या कामातून हे निघालं.) पण शेतीच्या लिखाणात मायकोरायझा रुळलाय, तिथे तोच ठेवा.