मदत हवी आहे: ओएनटी बदलल्यापासून घरातील उपकरणांमध्ये आयपी कॉन्फ्लिक्ट (दोन उपकरणांकडे जाळ्यातील एकच पत्ता येणे) होत आहे (वाशी, नवी मुंबई)

नमस्कार.

आमचे घर वाशीतील सिडकोच्या जुन्या वसाहतीत आहे. तळमजला आणि वर एक मजला असे रो-हाऊस. फायबरचे कनेक्शन तळमजल्यावरच्या दिवाणखान्यात येते आणि इंटरनेट कंपनीचा ओएनटी (फायबरला घरातील जाळ्याशी जोडणारे उपकरण) तिथेच भिंतीवर बसवलेला आहे. त्याचे वायफाय स्लॅब ओलांडून वरच्या खोल्यांपर्यंत नीट पोहोचत नसल्यामुळे वर एक साधा राउटर ॲक्सेस पॉइंट (केवळ वायफाय पुरवणारे उपकरण) म्हणून लावला आहे. दोन्हींच्या मध्ये पाइपमधून कॅट ६ केबल नेलेली आहे. वरच्या राउटरमधील डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद आहे, केबल वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) पोर्टमध्ये नसून लॅन (घरातील जाळ्याच्या) पोर्टमध्ये आहे, आणि राउटरला १९२.१६८.१.२ हा कायमचा पत्ता दिलेला आहे. वायफायचे नाव व पासवर्ड दोन्हीकडे एकच आहेत. चॅनेल मात्र वेगळे, खाली १ आणि वर ११. ही मांडणी बराच काळ विनातक्रार चालली.

मध्यंतरी जुना ओएनटी बंद पडला आणि कंपनीच्या तंत्रज्ञाने नवा बसवून दिला. तेव्हापासून वीज जाऊन परत आली की घरातील एखादे उपकरण अडते. ते वायफायला जोडलेले दिसते, सिग्नलच्या रेघा पूर्ण असतात, पण पान उघडत नाही. उघडलेच तर मध्येच थांबते, काही क्षणांनी पुन्हा चालते आणि पुन्हा थांबते. त्याच वेळी, त्याच खोलीतील दुसरे उपकरण अगदी सुरळीत चालू असते. कधी आईचा टॅबलेट अडतो, कधी माझा फोन, आणि एकदा विंडोज लॅपटॉपवर आयपी पत्त्याचा कॉन्फ्लिक्ट आढळल्याचा संदेश आला, त्यामुळेच मला या दिशेने शोध घेण्याचे सुचले. प्रिंटरलाही १९२.१६८.१.५ असा कायमचा पत्ता आहे आणि अशा दिवसांत छपाईची आज्ञा अनेकदा रांगेतच अडकून राहते.

कंपनीच्या मदतकेंद्राकडून दर वेळी ओएनटी बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला मिळतो. त्याने कधी फरक पडतो, कधी एका उपकरणाची अडचण दुसऱ्याकडे सरकते. आई वरच्या खोलीतून शास्त्रीय गायनाचे ऑनलाइन वर्ग घेते, आणि विद्यार्थी आलाप घेत असताना आवाज तुटला की दोघांचीही एकाग्रता जाते. म्हणून तात्पुरता उपाय न करता मूळ कारण समजून घेण्याची माझी मनापासून इच्छा आहे.

मी केलेली तपासणी अशी. ओएनटीला केबलने थेट जोडलेल्या लॅपटॉपवर वेग पूर्ण मिळतो, त्यामुळे बाहेरच्या लाइनमध्ये दोष दिसत नाही. टॅबलेट अडलेला असताना त्याचा पत्ता पाहिला तर तो १९२.१६८.१.२ होता, म्हणजे वरच्या राउटरचाच. मग टॅबलेटचे वायफाय बंद केले आणि लॅपटॉपवरून त्या पत्त्याला पिंग केले (तिथे कोणी आहे का हे विचारणारा छोटा संदेश पाठवला), तरीही उत्तर येत राहिले. तेव्हा हा पत्ता दोघांकडे आहे एवढे माझ्या मते सिद्ध झाले. मात्र पूर्वी कधीही न झालेली ही गोष्ट आता का होते, ती वीज गेल्यावरच का होते, आणि वरच्या राउटरचा पत्ता धोक्यात असूनही वरची बाकीची उपकरणे कशी चालू राहतात, हे मला उलगडलेले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

ऐरोलीहून प्रतिसाद

आपण केलेली पिंगची चाचणी योग्य आहे आणि तिचा निष्कर्षही बरोबर आहे. पुढे जाण्यापूर्वी दोन गोष्टी कळवाव्यात. पहिली, वरच्या राउटरच्या वायफायला जोडलेल्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ऑल (ipconfig /all) ही आज्ञा दिल्यावर डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत कोणता पत्ता दिसतो? तिथे ओएनटीचा पत्ता दिसायला हवा. राउटरचा दिसला तर त्यातील डीएचसीपी पुन्हा सुरू झाला आहे, असे समजावे. रीसेटचे बटण चुकून जास्त वेळ दाबले गेल्यास तसे होते आणि मग घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. दुसरी, नव्या ओएनटीच्या पानावर डीएचसीपीचा पूल (वाटपासाठी ठेवलेले पत्ते) कोणत्या पत्त्यापासून कोणत्या पत्त्यापर्यंत आहे, आणि जुन्या ओएनटीत तो काय होता?

धागाकर्ता

तत्परतेबद्दल आभार. डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत १९२.१६८.१.१ म्हणजे ओएनटीचाच पत्ता दिसतो. वर आणि खाली दोन्हीकडे तेच. नव्या ओएनटीचा पूल १९२.१६८.१.२ ते १९२.१६८.१.२५४ असा आहे. जुन्याच्या पानाचे छायाचित्र सुदैवाने जपून ठेवलेले होते. त्यात पूल १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.२०० असा दिसतो. नव्या ओएनटीत ही मर्यादा बदलण्याचा प्रयत्न केला, परंतु ग्राहकाच्या लॉगिनमधून त्या रकान्यांत काही लिहिता येत नाही.

ऐरोलीहून प्रतिसाद

मग कारण सापडले. जुन्या ओएनटीच्या पुलाबाहेर १ ते ९९ हे पत्ते मोकळे होते, त्यामुळे राउटरचा २ आणि प्रिंटरचा ५ हे दोन्ही सुरक्षित होते. नव्या ओएनटीने २ पासूनचे सगळेच पत्ते वाटपासाठी घेतले आहेत. या जाळ्यात वापरण्याजोगे पत्ते १ ते २५४ एवढेच असतात, कारण ० हा जाळ्याचा स्वतःचा आणि २५५ हा सर्वांना एकदम संदेश पाठवण्याचा पत्ता आहे. त्यातला १ ओएनटीकडे आणि उरलेले २५३ पुलात, म्हणजे हाताने बसवायला सुरक्षित असा एकही पत्ता आता शिल्लक नाही. आपल्याकडची मांडणी जशीच्या तशी राहिली, तिच्याखालची जमीन बदलली.

आता वीज गेल्यावरच हे का होते ते पाहू. डीएचसीपीचे मानक आरएफसी २१३१ हे १९९७ सालचे आहे. पत्ता देण्यापूर्वी तो कोणी वापरत तर नाही ना हे सर्व्हरने पाहावे, आणि पत्ता मिळाल्यावर घेणाऱ्यानेही एआरपीने (हा पत्ता कोणाकडे आहे असे जाळ्यात विचारण्याच्या पद्धतीने) विचारून खात्री करावी, अशी शिफारस त्यात आहे. ही तपासणी उपयोगी पडण्यासाठी तो पत्ता धारण करणारे उपकरण त्या क्षणी जागे असावे लागते. वीज येते तेव्हा नेमके तेच घडत नाही. फोन आणि टॅबलेट बॅटरीवर असल्यामुळे जागेच असतात आणि ओएनटीचे वायफाय दिसताच पत्ता मागतात. कोणाला कोणता पत्ता दिला होता याची यादी पुष्कळ घरगुती उपकरणे फक्त रॅममध्ये ठेवतात. आपल्या ओएनटीत तसे असेल तर वीज गेल्याबरोबर ती पुसली जाते आणि वाटप कोऱ्या पाटीवरून सुरू होते. वरचा राउटर त्या वेळी अजून सुरू होत असतो, आणि प्रिंटर तर कोणी बटण दाबेपर्यंत बंदच असतो. ओएनटीने २ क्रमांकाला हाक मारली, कोणी ओ दिली नाही, म्हणून तो टॅबलेटला देऊन टाकला. मिनिटभराने राउटर तयार होतो आणि आपल्यात कोरलेला तोच पत्ता घेऊन उभा राहतो. ओएनटी पुन्हा सुरू केल्यावर अडचण एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे सरकते तीही यामुळेच, कारण पहिल्यांदा कोण जोडले जाईल हे दर वेळी वेगळे असते.

वरची बाकीची उपकरणे चालू कशी राहतात, हा आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पुष्कळ जण इथेच चुकीच्या वाटेला लागतात आणि नवा राउटर विकत आणतात. ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरलेला राउटर वायफाय आणि केबल यांच्यामधला केवळ दुवा असतो. त्याच्यातून जाणारी फ्रेम (माहितीचा तुकडा) मॅक पत्त्यावरून (उपकरणाच्या हार्डवेअरच्या ओळख क्रमांकावरून) पुढे सरकते; राउटरच्या स्वतःच्या आयपी पत्त्याचा त्याच्याशी संबंध नसतो. तो पत्ता फक्त त्याचे सेटिंगचे पान उघडण्यासाठी लागतो. म्हणून पत्ता हिरावला गेला तरी राउटर आपले काम करत राहतो आणि नुकसान त्या पत्त्याच्या दुसऱ्या धन्याचे होते: ओएनटीच्या एआरपी तक्त्यात २ क्रमांकासमोर कधी टॅबलेटचा मॅक पत्ता येतो, कधी राउटरचा, आणि टॅबलेटची उत्तरे मधूनमधून राउटरकडे जातात. थांबत थांबत चालणे हे त्याचेच लक्षण आहे.

आता उपाय. वरच्या राउटरचा कायमचा पत्ता काढून टाका आणि त्याला ओएनटीकडूनच पत्ता घेऊ द्या. राउटरच्या मेनूमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असल्यास तो निवडल्यावर बहुतेक वेळा हे आपोआप होते. नसल्यास लॅनच्या पानावर पत्ता स्वयंचलित घेण्याचा पर्याय शोधावा. त्यानंतर राउटरचे पान कोणत्या पत्त्यावर उघडेल हे ओएनटीच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून कळेल. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर त्याचा मॅक पत्ता छापलेला असतो, तो यादीशी ताडून पाहावा. यादीत अनोळखी मॅक पत्ते दिसले तर लगेच घुसखोरीचा संशय घेऊ नये. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी स्वतःच बनवलेला खासगी मॅक पत्ता वापरतात, आणि त्याची खूण म्हणजे त्यातील दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असते.

प्रिंटरसाठीही तेच: त्याच्यावर पत्ता कोरून ठेवण्याऐवजी ओएनटीत त्याच्या मॅक पत्त्यासाठी ॲड्रेस रिझर्व्हेशन (त्याला नेहमी तोच पत्ता मिळेल अशी नोंद) करावे. पुष्कळ ठिकाणी पुलाच्या मर्यादा बंद असल्या तरी ही सोय ग्राहकाला खुली असते. ती नसेल तर कंपनीकडे लेखी तक्रार नोंदवून पूल १०० ते २०० करून मागावा. १०१ पत्ते कोणत्याही घराला पुरेसे आहेत, आणि तंत्रज्ञाला त्यासाठी घरी येण्याची गरजही सहसा नसते.

ठाणे, घोडबंदर रोडवरून प्रतिसाद

वरील विवेचनाशी सहमत आहे. फक्त एक पर्याय सुचवतो. राउटरला १९२.१६८.१.२५० सारखा वरचा पत्ता दिला, तर ओएनटी तिथपर्यंत पोहोचण्याची वेळच येणार नाही आणि एवढ्यावर काम भागेल. आमच्या इमारतीत काहींनी तसे केले आहे. आणि सगळाच ताबा स्वतःकडे हवा असेल तर ओएनटीचे वायफाय बंद करून आपला राउटर त्याच्यामागे राउटर म्हणूनच लावावा आणि आतले जाळे १९२.१६८.५०.१ पासून सुरू करावे.

ऐरोलीहून प्रतिसाद

२५० चा सल्ला मी देणार नाही. पत्ते खालून वर क्रमानेच वाटले जातात असे गृहीत धरता येत नाही. अनेक राउटरमध्ये असलेला डीएनएसमास्क हा प्रोग्राम मुळात उपकरणाच्या मॅक पत्त्यावरून हॅश (ठरावीक सूत्राने येणारा आकडा) काढून पुलातील कोणताही पत्ता निवडतो, त्यामुळे २५० हा पत्ता पहिल्याच फोनलाही मिळू शकतो. अडचण दुर्मीळ होईल एवढेच, आणि दुर्मीळ अडचण शोधणे अधिक त्रासाचे असते.

दुसरा पर्याय योग्य आहे, परंतु त्यात दोनदा नॅट (आतल्या पत्त्यांचे बाहेरच्या पत्त्यात रूपांतर) होते. व्हिडिओ वर्गांना त्याचा त्रास होत नाही. बाहेरून घरातील कॅमेऱ्याशी थेट जोडणी किंवा काही ऑनलाइन खेळ यांना होऊ शकतो. शिवाय हा राउटर वरच्या मजल्यावर आहे, तेव्हा ओएनटीचे वायफाय बंद केल्यास तळमजल्यासाठी आणखी एक उपकरण घ्यावे लागेल. या घरासाठी मला ते अनावश्यक वाटते.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे वरच्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड निवडला. त्याला आता १९२.१६८.१.९ हा पत्ता ओएनटीकडून मिळाला आहे आणि लेबलवरचा मॅक पत्ता यादीशी जुळतो. मग मेन स्विच मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा टॅबलेटला २ क्रमांकच मिळाला आणि तरीही तो अखंड चालला. आईचा संध्याकाळचा वर्गही न तुटता पार पडला, याचा फार आनंद झाला.

एक शंका उरली आहे. ओएनटीत रिझर्व्हेशनची सोय आहे आणि प्रिंटरसाठी ५ क्रमांक राखून ठेवला, प्रिंटरही स्वयंचलित केला, परंतु तो १७ क्रमांकावरच आहे. लॅपटॉपमधील जुना प्रिंटर मात्र ५ क्रमांक शोधत राहतो.

ऐरोलीहून प्रतिसाद

प्रिंटर स्वयंचलित केला तेव्हा ५ क्रमांक बहुधा एखाद्या फोनकडे होता, म्हणून प्रिंटरला १७ मिळाला. डीएचसीपीत घेतलेला पत्ता साधारणपणे मुदतीचा अर्धा काळ उलटल्यावर नूतनीकरणाला जातो. मुदत २४ तासांची असेल तर १२ तासांनी. तोपर्यंत तो फोन ५ क्रमांक सोडणार नाही आणि प्रिंटरही नवा मागणार नाही. ओएनटीच्या यादीत ५ समोर कोणते उपकरण आहे ते पाहून त्याचे वायफाय बंद ठेवावे, ओएनटी एकदा पुन्हा सुरू करावा, प्रिंटर चालू करून त्याच्या स्क्रीनवर ५ दिसल्याची खात्री करावी आणि मगच त्या उपकरणाचे वायफाय सुरू करावे. लॅपटॉपमधील जुनी नोंद त्यानंतर आपोआप चालू लागेल, ती काढून पुन्हा घालण्याची गरज नाही.