पूररेषेसाठी दशांश रास्टर ठेवावा

सांगलीच्या पूररेषेसाठी उंचीचा रास्टर (प्रत्येक चौकोनात जमिनीची उंची नोंदवलेला संगणकीय नकाशा) पूर्णांकात बदलावा, ही सूचना मला पटत नाही; कृष्णाकाठच्या सपाट भागात अर्ध्या मीटरवरही पाणी कोणत्या गल्लीत शिरणार हे ठरते, आणि पूर्णांक करताना नेमका तोच फरक गळतो. ३२ बिटांच्या दशांश रास्टरमध्ये सुमारे ७ सार्थ, म्हणजे भरवशाचे, अंक टिकतात (मूळ मोजणी तेवढी अचूक नसते, हा भाग वेगळा). मात्र क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीतल्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये ‘बरोबर ५४५.२’ अशी अट घालू नये, कारण ही संख्या संगणकाच्या द्विमान (० आणि १ या अंकांच्या) पद्धतीत तंतोतंत बसत नाही, ५४५.१५ ते ५४५.२५ असा पट्टा द्यावा. सांगलीतल्या आयर्विन पुलाची ४५ फुटांची धोका पातळी मोजपट्टीवरची आहे, रास्टरमधल्या उंचीसारखी समुद्रसपाटीपासूनची नव्हे. म्हणून ती मीटरमध्ये बदलून तीत मोजपट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळवावी आणि मगच रास्टरशी तुलना करावी.