तरवडाचं बी उगवत नाही, रोपं पिवळी पडतात

प्रश्न: मुरमाड जागेत कुंपणालगत तरवड (पिवळ्या फुलांचं काटक झुडूप) लावायचा आहे. बी टाकलं, उगवलं नाही. पिशवीतून आणून लावलेली रोपं ठिबकवर आहेत, ती पिवळी पडताहेत. काय करावं?

उत्तर १: तरवडाच्या बियांचं कवच टणक असतं, पाणी आत शिरत नाही. पाणी उकळून खाली उतरवा, मिनिटभराने बी टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी फुगलेलं बी तेवढं पेरा. न फुगलेलं पॉलिश पेपरवर एका कडेला घासून पुन्हा भिजवा. टोकाशी अंकुर असतो, तिथे घासू नका. पहिल्या चांगल्या पावसानंतर जागेवरच 1 सेंमी खोल, दोन-दोन बिया, 4 फुटांवर.

उत्तर २: पिवळेपणा बहुधा पाण्याचाच. ठिबक लगेच बंद करा. मुळाशी बोटभर उकरून बघा: माती ओली आणि मुळं काळी, मऊ असतील तर ती कुजलीत. आळं मोडून बुंध्याशी मुरूम चढवा. पहिल्या उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी एक बादली पाणी पुरे, पुढे तीही नको. शेणखताचा मारा केलात तर नुसता पाला माजतो.

उत्तर १: आणि पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर कृपया फवारू नका. फुलपाखरांच्या असतात, झाड पुन्हा फुटतं.